चर्चचा विमा उरकू नका : पास्टोरेट कमिट्या आणि विश्वस्त यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्या, खजिनदार आणि चर्चच्या मालमत्तेचे विश्वस्त यांस

सप्रेम सलाम.

आपल्यापैकी अनेक मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समुदायांच्या, वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपता संपता होतात, कारभार पाहणारी नवी पास्टोरेट कमिटी निवडली जाते, हिशेबाच्या वह्या जुन्या खजिनदाराकडून नव्याकडे जातात आणि नेमकी त्याच दिवसांत चर्चच्या विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस येते. त्या नोटिशीवर फारशी चर्चा होत नाही. गेल्या वर्षीची रक्कम, गेल्या वर्षीचे नाव आणि गेल्या वर्षीचाच एजंट ठेवून चेकवर दोन सह्या होतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. सर्वसाधारण विम्याच्या फायर विभागात नोकरी करून निवृत्त झालेला आणि आपल्यातल्याच एका मंडळीत लहानाचा मोठा झालेला सभासद या नात्याने मला आपणांस कळकळीने सांगायचे आहे की, हा विषय असा उरकण्याजोगा नाही. नोकरीच्या काळात चर्चच्या ज्या पॉलिसी माझ्या नजरेखालून गेल्या, त्यांपैकी बहुतेकींचा प्रीमियम वेळेवर भरलेला असे. पण पॉलिसीवर लिहिलेले नाव, लिहिलेली रक्कम आणि इमारतीचा लिहिलेला वापर यांचा प्रत्यक्षाशी मेळ नसे, आणि हे सर्वांच्या लक्षात येई ते नुकसान होऊन गेल्यावर.

कोणती कंपनी चांगली आणि प्रीमियम किती पडेल, हे प्रश्न कमिटीत सर्वांत आधी विचारले जातात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी विचारावेत. त्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कमिटीने स्वतः शोधावीत : ही वास्तू कायद्याने कोणाच्या नावावर आहे, ती आहे तशी पुन्हा उभी करायची झाल्यास आज किती खर्च येईल, आणि या आवारात कोण माणसे येतात, राहतात व राबतात. ही उत्तरे एजंटाकडे नसतात. ती आपल्या कपाटातल्या फायलींत आणि आपल्या रोजच्या पाहण्यात असतात, आणि ती एकदा कागदावर आली की योग्य पॉलिसी निवडणे पुष्कळ सोपे होते.

त्याआधी एका आक्षेपाबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते, कारण तो प्रत्येक मंडळीत कोणी ना कोणी मनापासून घेतो. देवाचे घर देव राखील, त्याचा विमा उतरवणे हा अविश्वास होय, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या विश्वासाबद्दल मला आदर आहे. परंतु बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करण्याची आज्ञा दिलेली आहे, आणि कठडा नसल्यामुळे कोणी पडला तर त्याचा दोष घरावर येईल, असे कारणही तेथेच सांगितले आहे. जी वास्तू आपण बांधलेली नाही, जी आधीच्या पिढ्यांनी आपल्या हाती सोपवली आणि पुढच्या पिढ्यांकडे सोपवायची आहे, तिच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच मोठी ठरते. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाच्या विश्वस्तांनी न्यासाची मालमत्ता शहाण्या माणसाने स्वतःची मालमत्ता सांभाळावी तशी सांभाळणे कायद्यालाही अपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चच्या इमारतींना आगीपासून संरक्षण मिळावे म्हणून १८८७ साली एक्लेझिअॅस्टिकल ही विमा कंपनी निघाली, आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मेरिल या गावी १८९७ साली चर्च म्युच्युअल स्थापन झाली. म्हणजे भक्ती आणि विमा यांचे सख्य नवे नाही.

आता रकमेविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान येथे होते.

आपली अनेक चर्चे मिशनऱ्यांच्या काळातली आहेत. घडीव काळ्या दगडाच्या भिंती, दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या दरजा (सांधे), सागवानी कैच्यांवर (छपराच्या लाकडी सांगाड्यावर) मंगलोरी कौले, वेदीमागे रंगीत काचांची खिडकी, एका बाजूस घंटेचा मनोरा. अशी वास्तू न्यासाच्या ताळेबंदात पाहिली तर तिची किंमत नाममात्र दिसते, कारण ती देणगीतून किंवा मिशनकडून मिळाली आणि तिच्यावर वर्षानुवर्षे घसारा काढला गेला. काही खजिनदार हीच पुस्तकी किंमत विम्यासाठी देतात. काही जण उलट टोकाला जाऊन शहराच्या मध्यवस्तीतील जागेचा बाजारभाव धरतात आणि जी जमीन जळत नाही, वाहून जात नाही, तिच्यापोटी प्रीमियम भरतात. तिसरा आणि सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे कोणा जुन्या कमिटीने ठरवलेला आकडा वर्षामागून वर्षे तसाच पुढे नेणे. विम्याची रक्कम म्हणजे जमीन सोडून ती इमारत त्याच प्रकारच्या सामग्रीने आज पुन्हा बांधण्याचा खर्च, इतकेच सूत्र येथे लक्षात ठेवावे. साधी आरसीसी इमारत बांधण्याचा जो दर कंत्राटदार प्रत्येक चौरस फुटाला सांगतो तो दगडी चर्चला लावता येत नाही. दगड घडवणारे पाथरवट आता मोजके उरले आहेत, चुन्याचे काम जाणणारे गवंडी त्याहून कमी आहेत, आणि इतक्या लांबीचे जुने सागवान सहज मिळत नाही.

रक्कम कमी ठेवली तर संपूर्ण चर्च जमीनदोस्त झाल्यावरच तोटा होईल, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे, आणि हे मी मुद्दाम उदाहरण देऊन सांगतो. समजा, चर्च पुन्हा बांधण्यास २ कोटी रुपये लागतील, परंतु पॉलिसी ६० लाखांची आहे. वादळात छपराचे २० लाखांचे नुकसान झाले. साठ लाखांच्या पॉलिसीतून वीस लाख सहज मिळतील, असे कमिटीला वाटते. प्रत्यक्षात कंपनीच्या वतीने नुकसान मोजणारा सर्व्हेअर येतो, इमारतीची खरी किंमत काढतो आणि आपण तीस टक्क्यांचाच विमा उतरवला होता, असे म्हणून नुकसानीच्याही तीस टक्के, म्हणजे ६ लाख मंजूर करतो. त्यातूनही प्रत्येक दाव्यात पॉलिसीधारकाने स्वतः सोसायची रक्कम वजा होते. उरलेले चौदा लाख मंडळीला वर्गणीतून उभे करावे लागतात. कंपनीने फसवले, अशी चर्चा मग गावभर होते. पण हा नियम पॉलिसीच्या छापील अटींत आधीपासून असतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने लहान जोखमींसाठी ज्या प्रमाण पॉलिसी लागू केल्या, त्यांत एका ठिकाणच्या मालमत्तेचे मूल्य ५ कोटींपर्यंत असल्यास भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा येते. या दोन्हींत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. तेवढी चूक कोणाकडूनही होऊ शकते. सत्तर टक्क्यांची तूट मात्र या दोन्हींत माफ होत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून किंवा जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या आर्किटेक्टकडून चर्चचे पुनर्बांधणी मूल्य एकदा लेखी काढून घ्यावे आणि पुढे दर वर्षी बांधकामाच्या वाढत्या दरानुसार ते वाढवत न्यावे. त्यासाठी जी फी द्यावी लागेल ती वाचवू नये. पॉलिसी बाजारमूल्यावर आहे की रीइन्स्टेटमेंट मूल्यावर (म्हणजे नव्याने बांधण्याच्या खर्चावर) आहे, हेही पाहावे. बाजारमूल्यावर असेल तर शंभर वर्षे जुन्या छपरावर घसारा कापून हाती फारच थोडे पडते. शहरातील जी चर्चे वारसा वास्तूंच्या यादीत आहेत, त्यांची दुरुस्ती महापालिकेच्या परवानगीने आणि ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करावी लागते. त्यामुळे वाढणारा खर्च पॉलिसीत धरला आहे का, हे लेखी विचारावे.

इमारतीच्या आतल्या वस्तूंची यादी स्वतंत्र करावी. बाके, व्यासपीठ, ऑर्गन, हार्मोनियम, ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, पंखे आणि सौर पॅनेल यांची प्रत्येकी रक्कम लिहावी. पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातील घंटा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना अशा वस्तूची किंमत भंगाराच्या वजनावर ठरत नाही हे सांगावे लागणार नाही. परंतु विमा कंपनीला ते सांगावे लागते आणि तेही आधी. कलावस्तू, दुर्मीळ वस्तू, हस्तलिखिते आणि दस्तऐवज हे पॉलिसीत स्वतंत्रपणे नमूद केलेले नसतील तर सामान्यतः वगळलेले असतात. रंगीत काचा, चांदीची प्रभुभोजनाची पात्रे आणि जुनी तैलचित्रे यांची छायाचित्रे काढून, मूल्य ठरवून त्यांची नावानिशी नोंद करून घ्यावी. विजेच्या उपकरणांबाबत एक बारीक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नाताळच्या रात्री शॉर्टसर्किट होऊन अॅम्प्लिफायर जळाला आणि त्याची आग पसरून बाके जळाली, तर पारंपरिक फायर पॉलिसीत बाकांची भरपाई मिळते, परंतु ज्या अॅम्प्लिफायरमध्ये दोष झाला त्याची मिळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा असतो.

कोणत्या संकटांपासून संरक्षण घ्यावे, हे आपापल्या जिल्ह्याकडे पाहून ठरवावे लागते. जुन्या प्रमाण फायर पॉलिसीत वादळ-पुराचा गट वगळून प्रीमियम कमी करून घेता येत असे आणि भूकंप तर जादा पैसे भरूनच घ्यावा लागे. पुष्कळ मंडळ्यांनी त्या काळी केलेली काटकसर तशीच चालू राहिली आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्याने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले, चिपळूण जुलै २०२१ मध्ये पाण्याखाली गेले, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची छपरे उडवली आणि मे २०२१ मधील तौक्ते वसईपर्यंत जाणवले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण विसरता कामा नये, कारण दगडी भिंतीला भूकंपाचे भय अधिक असते. भारत सूक्ष्म आणि भारत लघु या पॉलिसींत वादळ, पूर, भूकंप, दंगल आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांचा मूळ संरक्षणातच समावेश आहे. दहशतवादी कृत्याचे संरक्षण कोणत्या कलमाखाली आणि किती मर्यादेपर्यंत आहे, हे मात्र पॉलिसी हातात घेऊन तपासावे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीतील दिलशाद गार्डनचे सेंट सेबॅस्टियन चर्च आगीत खाक झाले होते, तेव्हा ही शंका कोणी काल्पनिक समजू नये.

याउलट वाळवी, ओल, झिरपणारे पाणी, सडलेले वासे आणि झिजलेल्या दरजा यांची भरपाई कोणतीही फायर पॉलिसी देत नाही. वादळात छप्पर कोसळले तरी सर्व्हेअर कैचीचे तुटलेले टोक हातात घेऊन पाहतो. लाकूड आत पोखरलेले आणि भुसभुशीत निघाले तर छप्पर वाऱ्याने पडले की दुर्लक्षाने, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे कागदावर असले पाहिजे. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी केलेली पाहणी, बदललेली कौले, वाळवीची फवारणी, वायरिंगची तपासणी यांच्या पावत्या आणि तारखेसह छायाचित्रे जपून ठेवलेली असतील तर दावा अर्धा तेथेच सिद्ध होतो.

आता नावाविषयी. ज्याचे त्या मालमत्तेत कायदेशीर हित आहे, त्याच्याच नावाने पॉलिसी असली पाहिजे. आपल्याकडे मात्र पॉलिसी कधी पाळकसाहेबांच्या (धर्मगुरूंच्या) नावाने, कधी खजिनदाराच्या नावाने, तर कधी नुसत्या चर्चच्या नावाने असते. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर कोठे जुन्या मिशनचे, कोठे ट्रस्ट असोसिएशनचे, कोठे धर्मप्रांताचे (डायोसिसचे) नाव असते. १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या प्रवासात मंडळीचे नाव बदलले तरी महसुली दप्तर त्याच वेगाने बदलले नाही. मालकीचे वाद न्यायालयांत चालू आहेत तेथे कोण खरे, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि या पत्राचा तो विषयही नाही. परंतु वाद चालू असला तरी छप्पर उघडे पडू नये, एवढ्यापुरते दोन्ही पक्षांनी एकत्र यावे आणि मालक न्यास व ताबा असलेली मंडळी अशी दोन्ही नावे पॉलिसीत घालून घ्यावीत. पाळकसाहेबांच्या नावाची पॉलिसी त्यांच्या बदलीनंतर कोणाची, या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही, म्हणून ती पद्धत तात्काळ बंद करावी.

वापराची माहिती देताना काही लपवू नये. हॉल लग्नाला भाड्याने देत असाल, आवारात दुकानगाळे असतील, तळघरात मंडपवाल्याचे सामान किंवा स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर ठेवले जात असतील, बालवाडी किंवा वसतिगृह चालत असेल, तर ते प्रस्तावात लिहावे. त्याने प्रीमियम थोडा वाढेल, पण दाव्याच्या वेळी माहिती दडवल्याचा ठपका येणार नाही. पाळकगृहाचा विचार वेगळा करावा, कारण राहत्या घरांसाठी भारत गृह रक्षा ही निराळी पॉलिसी आहे आणि तिच्यात कमी रकमेच्या विम्याबद्दल भरपाई कापली जात नाही. पाळकांच्या स्वतःच्या संसाराचे सामान चर्चच्या पॉलिसीत आपोआप येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. बदलीवर बदली झेललेल्या कुटुंबाची पुस्तके आणि भांडीकुंडी पुरात गेल्यावर ते कळणे फार क्लेशकारक असते.

खेड्यांतील चर्चांविषयी मला विशेष काळजी वाटते. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत अशी कितीतरी चर्चे आहेत, जेथे तरुण मंडळी कामासाठी पुण्या-मुंबईला गेली, पाळक पाळीपाळीने येतात आणि एरवी दाराला कुलूप असते. पारंपरिक फायर पॉलिसीच्या अटींनुसार विमा उतरवलेली इमारत ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना राहिली आणि कंपनीची पूर्वसंमती घेतलेली नसली तर संरक्षण थांबते. अशा चर्चची किल्ली ज्याच्याकडे असते त्याने दर आठवड्याला दार उघडून, झाडलोट करून एका वहीत तारीख व सही करावी, आणि खंड पडणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवून पोच घ्यावी. या वहीला पैसा लागत नाही.

यापुढचा भाग माणसांविषयीचा आहे आणि मला तो इमारतीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. चर्चचा विमा म्हटले की आपल्याला आग आठवते. परंतु मंडळीच्या आवारात वर्षभर माणसांची ये-जा असते : उपासना, संडे स्कूल, महिला मंडळाच्या सभा, कापणीचा सण, प्रीतिभोजन, नाताळचा मेळावा, लग्ने, अंत्यविधी. ओल्या पायरीवरून एखादी वृद्ध बहीण घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले, मनोऱ्याचा सुटलेला दगड रस्त्यावरच्या माणसावर पडला, प्रीतिभोजनानंतर पन्नास जणांना विषबाधा झाली, तर निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागण्याचा त्यांना हक्क आहे, आणि फायर पॉलिसीचा येथे काडीमात्र उपयोग नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घ्यावी लागते. ती घेताना अन्नपदार्थांमुळे होणाऱ्या इजेचे आणि नैसर्गिक आपत्तीमुळे उद्भवणाऱ्या दायित्वाचे संरक्षण स्वतंत्रपणे मागून घ्यावे, कारण ते बहुधा मूळ पॉलिसीत नसते. पॉलिसी चर्चच्या आवारापुरती मर्यादित असेल तर तरुण संघाच्या पाचगणीच्या शिबिराला ती लागू होणार नाही. कन्व्हेन्शन (मोठे धार्मिक मेळावे) आणि जत्रा यांना तर वेगळाच विचार हवा. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेसारखी गर्दी जेथे जमते तेथे, आणि लहान प्रमाणात आपल्या प्रत्येक नाताळच्या मध्यरात्री, अरुंद दार आणि बाहेर उघडणारे दुसरे दार नसणे हा धोका आहेच. दुसरे दार आधी करावे, पॉलिसी त्यानंतर घ्यावी.

पगारी माणसांचा प्रश्न याहून जवळचा आहे. शिपाई, वॉचमन, सफाई करणारी बाई, वसतिगृहाचा स्वयंपाकी यांना काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर येते. तुटपुंज्या पगारावर पंचवीस वर्षे घंटा वाजवणाऱ्या माणसाच्या घरी दुर्घटनेनंतर मंडळीने वर्गणीची थैली घेऊन जावे, हे मला योग्य वाटत नाही. त्याच्या नावाने विमा असावा. मनोरा रंगवण्याचे काम कंत्राटाने देताना कंत्राटदाराकडून त्याच्या मजुरांच्या विम्याची प्रत घेतल्याशिवाय परांच्या बांधू देऊ नयेत. आणि डिसेंबरच्या थंडीत आपली जी मुले नाताळचा तारा टांगण्यासाठी ओल्या कौलांवर अनवाणी चढतात, ती ना नोकर असतात ना बाहेरची माणसे, म्हणून ती अनेकदा दोन्ही पॉलिसींतून सुटतात. स्वयंसेवकांसाठी सामूहिक वैयक्तिक अपघात पॉलिसी अल्प प्रीमियममध्ये मिळते. त्याहीपेक्षा, त्यांना छपरावर चढवू नये.

अल्पवयीन मुलांच्या सुरक्षिततेबाबत एकच सांगतो. विदेशातील चर्चच्या विम्यांत लैंगिक गैरवर्तनाच्या दाव्यांसाठी वेगळे संरक्षण असते, हे ऐकून काही जण तशी पॉलिसी मागतात. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि गुन्ह्याची माहिती पोलिसांना न देणे हाही त्याखाली गुन्हा आहे. येथे विम्याची भाषा कोणी करू नये. संडे स्कूलमध्ये मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि तक्रार झाकली जाऊ नये, एवढे कमिटीने पाहावे.

पैशांसंबंधी थोडक्यात. रविवारचे अर्पण सोमवारी बँकेत जाईपर्यंत कोठे असते आणि कोण नेते, याची व्यवस्था ठरलेली असेल तर तिजोरीतील व वाटेतील रोकडीचा विमा मिळतो. चोरीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा कुलूप फोडल्याची किंवा बळाने आत शिरल्याची खूण लागते. उघड्या दारातून दानपेटी उचलून नेली तर दावा अडतो. अपहाराच्या विम्यात पगारी कर्मचारी धरले जातात, मानद खजिनदार मात्र नावानिशी घालावा लागतो. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नाही. उलट प्रामाणिक खजिनदारालाच याचा आधार असतो.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे मात्र कोणताही विमा परत आणून देऊ शकत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या नोंदी वारसाहक्कापासून पासपोर्टपर्यंत लोकांच्या उपयोगी पडतात. त्यांचे पानन् पान स्कॅन करून एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी.

पॉलिसी घेतल्यानंतर ती चालू राहील, हे पाहणे कमिटीचेच काम आहे. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार प्रीमियम पोहोचल्याखेरीज जोखीम सुरू होत नाही. नोटीस जुन्या खजिनदाराच्या ईमेलवर गेली, नव्या सह्यांना बँकेची मंजुरी मिळाली नाही, सभा पुढे ढकलली गेली, अशा कारणांनी चार दिवसांचा खंड पडला तरी त्या चार दिवसांत चर्च उघडे असते. कार्यभार देताना पॉलिसीची मूळ प्रत आणि संपण्याची तारीख यांचा उल्लेख हस्तांतरणाच्या यादीत करावा. नुकसान झाल्यास कंपनीला त्याच दिवशी कळवावे, पोलीस पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा अहवाल घ्यावा, आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी मोडतोड उचलू नये. भक्तीची जागा लवकर स्वच्छ करण्याच्या सद्भावनेने मंडळी दुसऱ्याच दिवशी फुटकी कौले टेम्पोत भरून टाकतात आणि पुरावा जातो. १९८६ च्या, आता रद्द झालेल्या, ग्राहक संरक्षण कायद्याखाली न्यास हा ग्राहक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले होते. दाद मागण्याची वाट आपल्यासाठी घरगुती पॉलिसीधारकाइतकी सोपी असेलच असे नाही, म्हणून सर्व काही आधीच लेखी आणि बिनचूक असणे आपल्याला अधिक गरजेचे आहे.

शेवटी विश्वस्तांना आणि धर्मप्रांतांच्या कार्यालयांना एक स्वतंत्र विनंती. पंचवीस कुटुंबांची खेड्यातील मंडळी मूल्यांकनकाराची फी देऊ शकत नाही, अटी वाचू शकत नाही आणि कंपनीशी घासाघीसही करू शकत नाही. आपण मात्र आपल्या अखत्यारीतील सर्व चर्चे, पाळकगृहे आणि हॉल यांची यादी करून, प्रत्येक ठिकाणाची रक्कम वेगळी दाखवून, एकत्रित पॉलिसीसाठी निविदा मागवू शकता. शहरातील सधन मंडळ्यांनी प्रीमियमचा थोडा जादा भार उचलला तर खेड्यांतील चर्चांचा समावेश सहज होईल. ही यादी तयार करताना नाव, सर्व्हे नंबर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि चार बाजूंची छायाचित्रे एवढीच माहिती प्रत्येक मंडळीकडून मागवावी, आणि ती पावसाळा लागण्यापूर्वी मागवावी. पास्टोरेट कमिट्यांनी धर्मप्रांताच्या पत्राची वाट न पाहता पुढच्या मासिक सभेतच सध्याची पॉलिसी कपाटातून काढून सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावी आणि तिच्यातील नाव, रक्कम व वापर बरोबर आहेत की नाहीत, याची नोंद इतिवृत्तात करावी.

आपला नम्र,
सर्वसाधारण विमा क्षेत्रातील एक निवृत्त अधिकारी
आणि मंडळीचा सभासद